सतरा नंबरचा पडदा

पडद्याची लांबी चौऱ्याऐंशी इंच, रुंदी अठ्ठेचाळीस. वरच्या नेफ्यात पितळी कड्या बारा. जमीन कोऱ्या सुताची, न धुतलेल्या तांदळाच्या रंगाची. खाली निळीचे पट्टे तीन, प्रत्येक दोन बोटं रुंद. उभे धागे इंचाला चव्वेचाळीस. आडवे धागे भवानीनं भिंगातून अकरा जागी मोजले होते, वरपासून सात-सात इंच सोडून, आणि अकराही जागी ते बेचाळीस भरले होते. कुठं एक्केचाळीस नाही, कुठं त्रेचाळीस नाही. शेवटच्या जागी तिनं दोनदा मोजलं, मग पडद्याची खालची कड हातात तशीच धरून ती खिडकीतल्या उजेडात उभी राहिली. स्वैपाकघराच्या दारातून सासूबाईंनी, गंगाबाईंनी, तिला पाहिलं आणि विचारलं, "उवा शोधत्येस का गे पडद्यांत?"

भिंग तिचं नव्हतं. पितळेचं, घडी होणारं, तळाशी बरोबर एक इंचाची चौकट असलेलं ते भिंग तिच्या नवऱ्याचं, रघुनाथरावांचं. दारासुरमच्या विणकर सोसायटीत ते तपासनीस होते. मागावरून उतरलेलं कापड बघायचं, धागे मोजायचे, हातमागाचंच आहे अशी खात्री झाली की काठावर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. त्या दिवशी ते भिंग खिडकीत विसरून गेले आणि भवानीनं सहज उचललं. तीन महिन्यांपूर्वी लग्न होऊन ती कुंभकोणमला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत चार साड्यांच्या खाली रसायनशास्त्राच्या सहा वह्या होत्या. इथं आल्यापासून मोजण्यासारखं काही हाती लागलं नव्हतं. आधी तिनं भिंगातून स्वतःचं बोट पाहिलं, मग सुपारीचं खांड, मग पडदा. उभ्या धाग्यांचं तिला काही वाटलं नाही. ते फणीतून येतात, फणीचे दात ठरलेले, त्यामुळे उभे धागे सारखेच असणार. आडवा धागा मात्र माणूस ठोकतो. धोटा धागा घेऊन पलीकडे गेला की हात्या पुढं ओढायचा आणि धागा ठोकून बसवायचा. ते हाताचं काम. जेवण झाल्यावर हात जड पडतो, संध्याकाळी थकतो, मूल रडलं की घाईत येतो. सात फूट कापड विणायला एक दिवस तरी लागत असेल. एवढ्या दिवसात हाताला एकदाही काही झालं नाही? यंत्राला काही होत नाही. यंत्राच्या घरी मूल रडत नाही.

हे तिला कॉलेजनं शिकवलं होतं. तिरुचिनापल्लीच्या प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर धनलक्ष्मी नावाची मुलगी असायची, काळीसावळी, फार न बोलणारी. वार्षिक परीक्षेत धनलक्ष्मीनं आम्लाचं माप तीनदा काढलं आणि तीनदा एकच उत्तर लिहिलं: अठरा पूर्णांक चार. प्राध्यापकांनी वही वर धरून साऱ्या वर्गाला दाखवली. निसर्ग अशी नक्कल करीत नाही, ते म्हणाले. तीन उत्तरं अगदी सारखी येतात तेव्हा ती काचेच्या नळीतून आलेली नसतात, डोक्यातून आलेली असतात. धनलक्ष्मी नापास झाली. ती रडली नाही, आपलं टेबल नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसत राहिली. भवानीची तीन उत्तरं अठरा पूर्णांक तीन, पाच आणि चार अशी होती आणि त्या किंचित विस्कटलेपणाबद्दल तिला पहिला क्रमांक मिळाला. तेव्हा तिला प्राध्यापकांचं म्हणणं पटलं होतं. अजूनही पटत होतं. फक्त टेबल पुसणारा तो हात मधूनच आठवायचा.

पडदा लावलेली ती खोली म्हणजे रघुनाथरावांचा छंद. रेशमाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. दारासुरमच्या गल्ल्यांतून निम्मे माग झाकून ठेवलेले होते. तेव्हा यांच्या डोक्यात आलं की लुगड्यांऐवजी घराला लागतं ते विणावं: पडदे, पलंगपोस, खुर्च्यांच्या गाद्यांची कापडं. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला ही खोली दाखवली होती. "इथं गिरणीत विणलेली चिंधीसुद्धा नाही," ते म्हणाले. "सूत ब्लीच केलेलं नाही. गाद्यांत सावरीचा कापूस, आपल्याच परसातल्या झाडाचा. नीळ झाडाची. तिचं पाणी वाफ्यात सोडलं तरी केळ मरत नाही, मी सोडून बघितलं. कोळसा नाही, धूर नाही. असं एक अख्खं घर करता येईल." एरवी हळू बोलणारा हा माणूस त्या दिवशी हात हलवून बोलत होता. गंगाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दारास लुगडें कशाला नेसवतोस? दार काय लाजतें?" आणि तिघंही हसली. मग भवानीनं, काहीतरी बोलावं म्हणून, सांगितलं की झाडाची नीळ आणि कारखान्यातली नीळ यांचा रेणू एकच असतो, एकदा धाग्यावर चढली की कोणत्याही परीक्षेत फरक सांगता येत नाही. रघुनाथरावांचे हलणारे हात थांबले. ते म्हणाले, "म्हणजे माणसाच्या शब्दावरच ठेवायचं." त्या दिवशी तिला ते वाक्य साधं वाटलं होतं. आता पडद्याची कड हातात धरून तिनं ते पुन्हा मनात म्हटलं आणि ते तितकं साधं राहिलं नाही.

या पडद्यासारखेच साठ पडदे मद्रासच्या एका नव्या अतिथिगृहाला हवे होते. पहिले वीस गेले होते. हे नीट पार पडलं तर पुढची कामं येतील आणि तीस मागांना वर्षभर काम मिळेल, असं रघुनाथराव म्हणत. ते वीस पडदे इतक्या लवकर विणून झाले, याचं तेव्हा तिनं कौतुक केलं होतं.

संध्याकाळी ते आले, पाय धुतले, ओट्यावर कॉफी घेऊन बसले. तिनं विचारलं, "आतला पडदा कुणी विणला?"

त्यांनी पेला खाली ठेवला. एक, दोन, तीन, चार, इतका वेळ गेला. "शिवकामी," ते म्हणाले.

"काठावर सतरा नंबर आहे."

"हं."

"प्रत्येक विणकराला त्याचा नंबर असतो ना?"

"असतो. का गे?"

"काही नाही. सहज."

सहज नव्हतं. नव्या सुनेला सोसायटी दाखवायला नेलं होतं तेव्हा भिंतीवरची सभासदांची पाटी तिनं वाचली होती. तिला वाचलेलं लक्षात राहतं, हा तिचा गुणही आणि रोगही. सतरा: कंदस्वामी. शिवकामी नावाचं त्या पाटीवर कुणी नव्हतं. कॉफी पिणाऱ्या माणसाच्या मानेकडे ती बघत राहिली. मानेवर उन्हाची आडवी रेघ होती. तीन महिन्यांत ही मान आपण ओळखीची धरून चाललो, ती कशाच्या आधारावर?

त्यानंतर ती मोजू लागली. मोजायचं असं ठरवलं नाही. दात दुखू लागला की जीभ आपोआप तिथंच जाते तसं झालं. ते निघाले किती वाजता, आले किती वाजता. सायकलीनं दारासुरम वीस मिनिटांचं. मंगळवारी ते तासाभरात परत आले, मग तिथं काम केलं केव्हा? सुताच्या गाठी बघायला म्हणून ते दोनदा कोइमतूरला जाऊन आले होते. कोइमतूरला सूत असतं, तशा गिरण्याही असतात. शर्टाला तेलाचा वास आला. सायकलीचं असेल. असेल. विणकरांच्या गल्लीत ताण्याचे उभे धागे रस्त्याच्या लांबीभर पसरून त्यांना भाताची पेज लावतात, तिथून चालणाऱ्याच्या वहाणांना ती लागून वाळते, पापुद्रा धरते. तिनं वहाणा उलट्या करून पाहिल्या. नुसती धूळ होती. त्या वेळी गंगाबाई मागून म्हणाल्या, "वहाणेंत काय वाचत्येस? नशीब कपाळीं असतें." त्या हसल्या आणि भवानीही हसली. हसतानाच तिला वाटलं, यांनाही माहीत असेल. आईला सगळं माहीत असतं. मग दूध घालणारी, समोरचे पितळी भांड्यांचे दुकानदार, सगळेच. सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि मी एकटी बाहेरून आलेली, म्हणून माझ्याशी सगळे इतके गोड बोलतात. जेवताना रघुनाथरावांनी तिच्या पानात मुद्दाम एक पोळी जास्त वाढली. तिनं खाल्ली, पण चव लागली नाही. ही पोळी कशाबद्दल, एवढंच मनात फिरत राहिलं. दुपारी ती त्या खोलीत जाऊन बसे. ऊन पडद्यातून गाळून आत येई, सावरीच्या गादीवर मधासारखं सांडे, आणि खोली खरोखर थंड असे. हे तिला मान्य करावं लागे. कापड चांगलं होतं. चांगलं होतं म्हणूनच ते खोटं असणं सोसवत नव्हतं.

नवव्या दिवशी तिनं पत्र लिहिलं. मद्रासला सरकारी तपासणी खोली होती, कापडाचे नमुने तिथं तपासत. पत्रात तिनं कुणावर आरोप केला नाही. आपण प्रश्न विचारतो आहोत असंच तिला वाटत होतं. हातानं चालणाऱ्या मागावर चौऱ्याऐंशी इंचात अकरा जागी आडव्या धाग्यांची संख्या तंतोतंत सारखी येणं शक्य आहे का? असल्यास कोणत्या परिस्थितीत? खाली अकरा आकडे, मोजण्याची रीत, भिंगाची चौकट, आणि सही: भवानी, बी.एस्सी. सोबत तिनं पडद्याच्या आतल्या कडेची बोटभर पट्टी कापून चिकटवली. ती कापताना तिनं शिक्क्याचा भागही घेतला. ज्या नमुन्याचं मूळ सांगता येत नाही तो नमुनाच नव्हे, हे वाक्य तिच्या वहीच्या पहिल्या पानावर होतं. पाकीट पेटीत टाकलं तेव्हा ते आत पडल्याचा आवाज आला आणि तिला एकदम हलकं वाटलं. घरी येऊन कापलेली कड तिनं इतक्या बारीक टाक्यांनी शिवली की दिसूही नये.

सोळा दिवसांनी, भर दुपारी, रघुनाथराव घोडागाडी घेऊन दारात आले. सायकल नव्हती. "मद्रासहून एक अधिकारी आलेत," ते म्हणाले. "व्यंकटरमण म्हणून. त्यांच्याजवळ एक पत्र आहे. तुला बोलावलंय. चल."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. अक्षर त्यांनी ओळखलं असणार. रोज किराण्याची यादी त्याच अक्षरात त्यांच्या खिशात असे. गाडी तळ्याच्या कडेनं, मग पानमळ्यांच्या रस्त्यानं चालली. घोड्याच्या टापा ती मोजत होती आणि मोजणं थांबवता येत नव्हतं.

"मला विचारायचं होतंस," ते अर्ध्या वाटेत म्हणाले.

"विचारलं होतं."

"हो," ते म्हणाले. "विचारलं होतंस."

मग त्यांनी समोरच्या घोड्याकडे बघत सांगितलं. कंदस्वामी दोन वर्षांपूर्वी वारला. शिवकामी त्याची बायको. माग तीच चालवते, तो होता तेव्हाही निम्मं काम तिचंच असे. पण सभासदाची बायको आपोआप सभासद होत नाही. तिचा अर्ज मद्रासला गेला, त्याला उत्तर नाही. नंबर रद्द केला असता तर सोसायटीचं सूत बंद, सूत बंद म्हणजे माग बंद. म्हणून सतरा नंबर त्यांनी चालू ठेवला. "हे खोटं आहे आणि ते मी केलं," ते म्हणाले. "कापड खोटं नाही. तुला त्या दिवशी सांगणार होतो. मग वाटलं, तू तर सगळं काटेकोर करणारी. नियम मोडला हे तुला आवडायचं नाही."

ओट्यावरचा, चार आकडे मोजेपर्यंतचा तो वेळ. तिला वाटलं आपण काहीतरी बोलावं. मग वाटलं, हेही आत्ताच रचलेलं कशावरून नसेल? गाडीत बसेपर्यंत त्यांना एक तास मिळाला होता. हा विचार आला याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो गेला नाही.

दारासुरमची गल्ली ओली होती. पेज सकाळी लावून झाली होती आणि बायका रस्ता धुऊन काढत होत्या. शिवकामीचं घर शेवटचं. आत एकच खोली, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा माग, आणि मागावर पलंगपोसाचं कापड चढवलेलं, पडद्याहून जाड सुताचं, इंचाला धागे कमी बसणारं. शिवकामी चाळिशीची, हडकुळी, कपाळ मोकळं. दोन दारांच्या मधल्या स्टुलावर व्यंकटरमण बसले होते. ते घाम पुसत होते, आणि त्यांच्या मांडीवर भवानीचं पत्र उघडं होतं. चिकटवलेली पट्टी पंख्यासारखी हलत होती.

"या अम्मा," ते तमिळमध्ये म्हणाले. "प्रश्न चांगला विचारलात. आमच्या खोलीत चौघांनी वाचला, चौघंही म्हणाले शक्य नाही. म्हणून यावं लागलं." मग रघुनाथरावांकडे वळून, शिवकामीकडे बोट करून: "हिनं माझ्यासमोर वीस इंच विणायचं. दहा जागी मोजू. दुसऱ्या विणकरांच्या कापडात दहा जागांत चारपाच धाग्यांचा फरक पडतो, ते मी सकाळीच पाहिलंय. हिच्यातही तेवढा पडला तर पडदे या मागावरचे नव्हेत असं मी लिहिणार. मग तुमचा शिक्का गेला, साठ पडद्यांचं कामही गेलं."

"आणि नाही पडला तर?" रघुनाथरावांनी विचारलं.

"तर कापड हातमागाचं. मग बाकीचं बोलू."

शिवकामी खड्ड्यात उतरली. भवानी मागाच्या कडेशी बसली, इतकी जवळ की पेजेचा आंबूस वास आला. तिनं हळूच विचारलं, "इतकं सारखं कसं येतं हो तुमचं?"

"सारखं येतं का?" शिवकामी म्हणाली. "मी कुठं मोजते. माझे आजोबा मरुदानल्लूरच्या मठात भजनाला दिवा धरायचे. घरी सगळे नाम घेतच विणायचे. एका नामाला एक धोटा. तोंड चुकलं तरच हात चुकतो."

"कोणतं नाम?"

"विठ्ठल. तुमच्याच भाषेतलं ना? आम्हाला अर्थ नाही कळत." ती पहिल्यांदाच हसली. "अर्थ कळला असता तर अडखळले असते."

ती विणू लागली. आवाज नव्हता, नुसते ओठ हलत होते. ओठ मिटले की धोटा सुटे, उघडले की हात्या येऊन आदळे. भवानीनं घड्याळ बघितलं: मिनिटाला अडतीस-चाळीस ठोके. तिला वाटलं, हे कशात बसवायचं? काचेच्या नळीत नाही, वहीत नाही. धनलक्ष्मीलाही कुणी विचारलं होतं का, तू माप काढताना मनात काय म्हणत होतीस म्हणून? कुणी विचारलं नव्हतं. वही वर धरली आणि संपलं. शेजारी रघुनाथराव भिंतीला पाठ लावून उभे होते. ते कापडाकडे बघत नव्हते, भवानीच्या हातांकडे बघत होते, आणि आपले हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना.

दहा-अकरा इंच झाले असतील. व्यंकटरमण पत्र वाचता वाचता, मान वर न करता म्हणाले, "हा सतरा नंबर कुणाचा?"

हात्या मध्येच थांबला. शिवकामीचे ओठ अर्धे उघडे राहिले.

"माझ्या घरवाल्यांचा," ती म्हणाली.

"ते कुठं आहेत?"

"नाहीत."

व्यंकटरमणनी रघुनाथरावांकडे पाहिलं, रघुनाथरावांनी नजर चुकवली नाही. "म्हणजे नंबरही खोटा," व्यंकटरमण म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बघा. कापड हिचंच ठरलं, तर हा नंबर हिच्या नावावर करा असं मी लिहू शकतो. त्याला मग आधार राहील. नाही ठरलं, तर दोन्ही गोष्टी तुमच्यावर. विण अम्मा, थांबू नकोस."

भवानीनं पेन्सिल घेतली आणि कापड जिथं थांबलं होतं तिथं काठावर एक रेघ ओढली. कशासाठी ओढली हे कुणी तिला विचारलं नाही. धोटा पुन्हा सुटला.

वीस इंच झाल्यावर व्यंकटरमणनी भिंगासाठी हात पुढं केला. रघुनाथरावांनी खिशातून भिंग काढलं, पण ते त्यांच्या हातावर ठेवलं नाही. त्यांनी ते भवानीला दिलं.

"तिलाच मोजू द्या," ते म्हणाले. "मोजण्यात ती माझ्याहून पक्की आहे."

"तुमच्या पत्नी आहेत."

"पत्रही तिचंच आहे."

व्यंकटरमणनी होकारार्थी मान हलवली. पितळ रघुनाथरावांच्या हातानं गरम झालेलं होतं. भवानी कापडावर वाकली. पहिली चौकट तिनं सुरुवातीपासून दोन इंचांवर ठेवली, सुईच्या टोकानं एकेक धागा ढकलत मोजला आणि आकडा मोठ्यानं सांगितला. व्यंकटरमणनी तो पत्राच्याच मागच्या बाजूला लिहिला. शिवकामी खड्ड्यातून बाहेर आली नव्हती. तिचे दोन्ही हात हात्यावर होते. सहावी चौकट पेन्सिलीच्या रेघेवर आली. ती अर्धा इंच मागं-पुढं सरकवता आली असती. भिंग हातात होतं आणि जागा ठरवणारीही तीच होती. तिनं ती बरोबर रेघेवर ठेवली. एकदा मोजलं. सुई परत डावीकडे आणून पुन्हा मोजलं. आकडा सांगितला आणि पुढं सरकली.

जागा दहा. नऊ जागी अडतीस. रेघेवर, जिथं नाम थांबलं होतं तिथं, सदतीस.